यात्रेच्या सूचनापत्रातली ‘भांडी आणू नयेत’ ही ओळ काढा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून यात्रेच्या गाड्या काढणारी सर्व मंडळे,
गाडीमालक आणि चालक,
तसेच यात्रास्थळांवर आणि वाटेवरच्या गावांत पाणी-सफाईची व्यवस्था पाहणारे सर्व अधिकारी व पदाधिकारी

स.न.वि.वि.

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली की सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला जाणाऱ्या गाड्यांची ठरवाठरवी सुरू होते, आणि चैत्राच्या पौर्णिमेपर्यंत ती थांबत नाही. मधे माघात चिंचलीची मायाक्का, चैत्रात जोतिबा, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर. गाडी ठरली की मंडळाचं सूचनापत्र निघतं: कुठे जमायचं, किती वाजता निघायचं, माणशी किती पैसे. अलीकडे बऱ्याच पत्रांत आणखी एक ओळ असते. ताट-वाटी, तांब्या-पेला आणू नयेत. पत्रावळी, ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या मंडळातर्फे मिळतील. लोकांचं ओझं कमी व्हावं म्हणून तुम्ही ती घातलीत, हे आम्हाला कळतं. तरीही ही ओळ आम्हाला मान्य नाही, आणि ती मुकाट्याने पाळणं यापुढे जमणार नाही.

आम्ही या गाड्यांबरोबर स्वयंपाकाला आणि आवराआवरीला जाणारी माणसं. शेगड्या, पातेली, पाणी, वाढप हे आमचं काम आणि पंगत उठल्यावर जमिनीवर जे उरतं तेही आमच्याच वाट्याचं. शिवाय आमची गावं मलप्रभेच्या काठची आहेत. कणकुंबीला उगम पावलेली ही नदी खानापुरावरून पुढे जाते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते. त्याच जलाशयातून हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी जातं. म्हणजे आमच्या दारातून वाहणारी नदी आणि आमच्या यात्रेचा मुक्काम एकाच पाण्यावर आहेत. त्या पाण्याच्या अवतीभवती काय टाकलं जातं याच्याशी आमचा संबंध आहे.

आधी हिशेब. 40 माणसांची गाडी, सकाळी निघून दुसऱ्या दिवशी रात्री परत. जेवण-नाश्ता मिळून चार वेळा: 160 पत्रावळी. प्रत्येक वेळी किमान एक द्रोण: 160. पाण्याचा ग्लास वेळेला एक: 160. दिवसातून दोनदा चहा धरला तर दोन दिवसांचे कप 160. दिवसाला माणशी एक लिटरच्या दोन बाटल्या म्हटल्या तर त्याही 160. एका गाडीच्या 800 वस्तू झाल्या. चमचे, पिशव्या, ओटीची पाकिटं आणि फरसाणाच्या पुड्या यात धरलेल्या नाहीत. बाटलीला 20 रुपये धरले तर नुसत्या पाण्याचे 3200 रुपये होतात, आणि ते माणशी वर्गणीतूनच जातात.

या 800 वस्तूंचं पुढे काय होतं, तेही पाहा. डोंगरावर वारा सतत असतो. हलक्या पत्रावळी आणि ग्लास एका जागी राहत नाहीत, उतारावर पसरतात आणि काटेरी झुडपांत अडकतात. उरलेला भात-आमटी पिशवीत बांधून टाकली की वासाला बैल येतात. यात्रेला बैलगाड्या आजही येतात, गाडीतळावर बैल बांधलेले असतात. खरकट्याची पिशवी बैल पिशवीसकट गिळतो. प्लॅस्टिक पोटात पचत नाही, पुढेही सरकत नाही, ते साठत जातं. चारा कमी होतो, पोट फुगतं, आणि शेवटी ऑपरेशन करून काढावं लागतं किंवा जनावर जातं. तिसरी गोष्ट जाळण्याची. निघण्याच्या घाईत कचऱ्याचा ढीग करून काडी लावली जाते. ओलं खरकटं आणि प्लॅस्टिक एकत्र धुमसतं आणि तो काळा धूर शेजारच्या चुलीवर रांधणाऱ्या बायका-मुलांच्या नाकातोंडात जातो.

‘आम्ही कागदी आणतो’ असं सांगणाऱ्या मंडळांसाठी थोडं सविस्तर. चंदेरी पत्रावळीवरचा चकचकीत थर प्लॅस्टिकचा असतो. कागदी कपाच्या आतही प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा दोन मिनिटांत कागदातून झिरपला असता. खात्री करायची असेल तर कप उभा फाडून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कागदाचा लगदा सुटतो आणि पारदर्शक पापुद्रा हातात येतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिलं की अशा कपात 100 मिलीलिटर गरम पेय 15 मिनिटं राहिलं तर प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण त्यात उतरतात. कागदी म्हणून घेतलेला कप कुजत नाही, आणि त्यातला चहाही निर्धोक नसतो.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्याकडे जुना आहे. कर्नाटकाने 11 मार्च 2016 च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या, ताटल्या, कप, चमचे आणि थर्माकोल यांवर बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी 23 मार्च 2018 ची. केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 पासून देशभर आहे आणि 120 मायक्रॉनहून पातळ पिशव्या 31 डिसेंबर 2022 पासून बंद आहेत. कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरकडे जा, नाहीतर शिनोळीवरून चंदगडकडे वळा, सीमेच्या दोन्ही अंगांना बंदी आहेच. तरी गाडीच्या टपावर थर्माकोलच्या पत्रावळींचे गठ्ठे उघड्यावर बांधलेले दिसतात. घनकचऱ्याच्या नियमांत तर शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा असेल तर स्थानिक संस्थेला तीन कामाचे दिवस आधी कळवावं आणि कचरा जागेवरच वेगळा करावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. तीन-चार गाड्या एकत्र काढणाऱ्या मंडळांनी हे नीट वाचावं.

आता तुमच्या अडचणी. बैठकीत त्या नेहमी चार असतात: जागा नाही, पाणी नाही, धुवायला माणूस नाही, भांडी हरवतात. चारही खऱ्या आहेत, आणि चारहींना उपाय आहेत.

जागेचं आधी. मध्यम आकाराचं स्टीलचं ताट, एक वाटी, एक पेला आणि चमचा मिळून अर्धा किलोच्या आत भरतं. 40 माणसांचं 20 किलो, म्हणजे दोन पोती. 800 वस्तूंचे गठ्ठे आणि पाण्याचे बॉक्स याहून कितीतरी जास्त जागा खातात. फक्त ते दुकानातून थेट टपावर चढतात म्हणून कुणाला जाणवत नाहीत. भांडी प्रत्येकाने आपापली आणली तर पोतीही लागत नाहीत. ताट खाली, त्यावर वाटी, वाटीत पेला, पेल्यात चमचा, आणि सगळं पंचात बांधून चार टोकांची गाठ. हाच पंचा हात पुसायला, भांडं कोरडं करायला आणि डोक्याला बांधायला चालतो. ताट उभ्या काठाचं हवं, काठ किमान बोटभर उंच. सपाट प्लेटमधली आमटी मांडीवर येते, मग लोक द्रोण मागतात. पेला काठ बाहेर वळलेला घ्यावा. चहा गरम असला तरी काठाला धरता येतो. परतीला भांडं ओलं किंवा तेलकट राहिलं तर तांदळाची 10 किलोची जुनी विणलेली पिशवी त्यासाठी सोबत ठेवायची, म्हणजे कपडे खराब होत नाहीत.

पिण्याच्या पाण्याचं गणित सोपं आहे, पण ते निघण्याच्या आदल्या दिवशी करायला हवं. थंडीच्या दिवसांत माणशी तीन लिटर पुरे. 40 माणसांना दिवसाला 120 लिटर, म्हणजे 20 लिटरचे सहा कॅन. क्रूझरने जाणाऱ्या बारा जणांना दोन कॅन. सगळं पाणी घरून न्यायची गरज नाही. पहिल्या दिवसाचं न्यायचं आणि पुढचं भरून घ्यायचं. आपल्या भागात गावोगावी शुद्ध पाण्याचे घटक आहेत, नाणं टाकलं की पाणी येतं. तिथे लोक लहान बाटली धरतात, ती लगेच भरते आणि उरलेलं पाणी जमिनीवर वाहून जातं. म्हणून तिथे रुंद तोंडाचा कॅन आणि एक नरसाळं हवंच. एका तरी कॅनला खाली तोटी असावी, नाहीतर भरलेला कॅन तिरका करताना निम्मं पाणी सांडतं. तोटीचा कॅन गुडघाभर उंचीच्या स्टुलावर ठेवायचा आणि खाली बादली, म्हणजे ओघळ वाया न जाता हात धुवायला उपयोगी पडतो. कॅन उन्हात ठेवू नका, आत शेवाळ धरतं आणि पाण्याला वास येतो. प्रवासाआधी कॅनमध्ये मूठभर तांदूळ, मूठभर जाडं मीठ आणि थोडं पाणी घालून जोरात खळखळवलं की आतला बुळबुळीतपणा निघतो. नंतर दोनदा विसळायचं आणि पालथा घालून सुकवायचा.

प्रत्येकाकडे एक लिटरची स्टीलची बाटली हवी. तोंड इतकं रुंद की आत ब्रश फिरेल. बाटल्या गळतात त्या बहुतेक वेळा झाकणातल्या रबरामुळे: ते धुताना निघतं आणि परत बसवायचं राहतं, किंवा दुमडून बसतं. निघण्याआधी बाटली भरून पाच मिनिटं आडवी ठेवून पाहा. तांब्याची बाटली असेल तर तिच्यात फक्त साधं पाणी. लिंबू-सरबत, ताक किंवा कोकम घालू नका, आंबटाने तांबं उतरतं आणि पोट बिघडतं.

धुण्याबद्दल जास्त लिहावं लागेल, कारण गाडी अडते ती इथेच. चाळीस माणसं आपापलं ताट चालत्या नळाखाली धुतात तेव्हा माणशी तीन लिटर सहज जातात, एका जेवणाचे 120 लिटर. रांग लागते, चिखल होतो, नळ तुंबतो, आणि पुढच्या जेवणाला कुणीतरी म्हणतंच, ‘पत्रावळीच बऱ्या.’ त्याऐवजी तीन टब मांडायचे, प्रत्येकात 15 लिटर. टबांच्या आधी एक झाकणाची बादली. त्या बादलीत खरकटं निपटायचं, आणि ताट पाण्याला लावण्याआधी नारळाच्या शेंडीने किंवा पाल्याने पुसून घ्यायचं. हे पुसणं चुकलं की पुढचं सगळं चुकतं. पहिल्या दहा ताटांतच पाणी तेलकट होतं आणि मग कितीही साबण घाला, तवंग एका ताटावरून दुसऱ्यावर जातो. पहिल्या टबात कोमट पाणी आणि साबण किंवा शिकेकाई, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात चुलीवरून आणलेलं कडकडीत पाणी. तिसऱ्यात हात घालायचा नाही. भांडी जाळीच्या पिशवीत घालून अर्धा मिनिट बुडवायची आणि झाडाला किंवा गाडीच्या शिडीला टांगायची. गरम पाण्यातून निघालेलं स्टील वाऱ्यावर आपोआप सुकतं, पुसायला फडकं लागत नाही. ओल्या भांड्यांची चळत कधीच लावू नका, तासाभरात कुबट वास येतो.

क्रमही महत्त्वाचा: आधी पेले, मग वाट्या, मग ताटं, शेवटी पातेली. उलटं केलं तर पेल्यांना आमटीचा वास लागतो आणि चहा कुणाला गोड लागत नाही. पहिल्या टबाचं पाणी गढूळ झालं की ते ओतून द्यायचं, दुसऱ्या टबातच साबण घालून त्याला पहिला करायचा आणि नवं पाणी फक्त एका टबात भरायचं. अशा रीतीने 40 जणांचं जेवण 60 लिटरच्या आसपास पाण्यात उरकतं. माणसं तीन लागतात, टबाला एक. ज्यांनी वाढप केलं नाही त्यांतले तीन जण पाळीने घ्या. तीच माणसं प्रत्येक वेळी बसवाल तर दुसऱ्या दिवशी कुणी उभं राहणार नाही, आणि पाळी फक्त बायकांवर टाकू नका. सांडपाणी उतारावरून पिण्याच्या पाण्याकडे किंवा कुंडाकडे जाणार नाही अशी जागा आधी बघून मगच टब मांडायचे.

खरकट्याच्या बादलीत प्रत्येक थरावर मूठभर राख किंवा कोरडी माती टाकली तर वास येत नाही आणि माश्या बसत नाहीत. ती परत आणून शेतातल्या उकिरड्यात टाकता येते.

हरवण्याचं कारण बहुतेक वेळा चोरी नसतं, अदलाबदल असते. आपल्या घरातल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ते काही हौस म्हणून नाही. मंडळाने स्वतःचा संच घेतला तर प्रत्येक भांड्यावर मंडळाचं नाव आणि क्रमांक मशीनने कोरून घ्या. रंगाचा ठिपका घासण्यात दोन-तीन वेळांत निघून जातो. दहा-दहाच्या चळती करा. वाढायला देताना चळत मोजून द्या आणि धुऊन आल्यावर चळत पूर्ण झाली की पोत्यात घाला. चाळीसांसाठी 44 संच ठेवा, म्हणजे विसरलेला आणि वाटेत भेटलेला पाहुणा दोघेही भागतात. विकत घ्यायला पैसे नसतील तर लग्नाला मंडपवाले जी ताटं भाड्याने देतात तीच दोन दिवसांसाठी मिळतात.

रेल्वेने मिरजेवरून पंढरपूरला जाणाऱ्यांना पोतं आणि टब नेता येत नाहीत, हे मान्य. त्यांनी आपला पंचा-गाठोड्याचा संच आणि बाटली एवढंच घ्यावं. मठात किंवा धर्मशाळेत जेवण असेल तर पत्रावळ नाकारून आपलं ताट पुढे करावं.

जिथे धुणं खरोखरच अशक्य आहे, उदाहरणार्थ वाटेत अर्ध्या तासाची न्याहारी, तिथे पानाची पत्रावळ वापरा. पळसाच्या किंवा वडाच्या पानांची, काडीने टाचलेली. पानं कोरडी असली की वाढताना तडकतात, म्हणून अर्धा तास आधी पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पातळ आमटी त्यात धरत नाही, ती वाटीतच घ्या. जिथे केळीची पानं सहज मिळतात तिथे ती सगळ्यांत उत्तम. पानाची पत्रावळ बैलाने खाल्ली तरी बिघडत नाही.

डबे भरताना होणाऱ्या चुकांमुळेही वाटेत पाकिटं विकत घ्यावी लागतात. गरम चपात्या किंवा भात डब्यात घालून झाकण लावलं की वाफेचं पाणी परत खाली पडतं आणि दुपारपर्यंत आंबूस वास सुटतो. पूर्ण निवल्यावर, खाली-वर सुती फडकं घालून भरा. पहिल्या दिवसासाठी दुधातल्या दशम्या, दुसऱ्या दिवसासाठी पुरणाच्या पोळ्या, आणि त्यापुढे कडक भाकरी. ज्वारीची नीट वाळवलेली कडक भाकरी आठवडाभर टिकते, फक्त दमट हवेपासून जपायला हवी. शेंगदाण्याची चटणी, खर्डा, गूळ-शेंगा यांना पुडीची गरज नाही, फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्या पुरतात. दहीभात न्यायचा असेल तर कोमट भातात दूध घालून वर चमचाभर दही. घरातून निघताना तो गोड असतो आणि जेवायच्या वेळेला बरोबर विरजतो. सगळं दहीच घातलं तर आंबट ढोण होतो आणि टाकून द्यावा लागतो.

पूजेच्या सामानाचाही एक मोठा भाग प्लॅस्टिकमध्ये येतो, आणि तो टाळणं सगळ्यांत सोपं आहे. ओटीचं तयार पाकीट देवीसमोर फोडलं की आवरण तिथेच पडतं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या घरून कापडी पिशवीत न्या. भंडाऱ्यासाठी पुडी नको, घट्ट विणीची छोटी बटवी किंवा पितळेची डबी. तेलासाठी फिरकीच्या झाकणाचं भांडं. नुसतं दाबून बसणारं झाकण गाडीच्या धक्क्याने उघडतं. कापूर छोट्या काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, म्हणजे उडून जात नाही. साबणाला भोकांची डबी, शांपूला घरची छोटी बाटली. एक रुपयाच्या पुड्या स्नानाच्या जागी सर्वांत जास्त सापडतात.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण सूचनापत्रात ती कधीच नसते. पाळीसाठी कापडी पॅड वापरणाऱ्यांना यात्रेत ते धुऊन उन्हात वाळवायची सोय नसते, आणि अर्धवट ओलं कापड परत वापरलं तर जंतुसंसर्ग होतो. दोन दिवसांना पुरतील इतके घडीचे पॅड आणि वापरलेले ठेवायला घट्ट झाकणाचा डबा न्यावा, धुणं घरी. ज्या विकतचे वापरतात त्यांच्यासाठी गाडीत कागदाचे तुकडे आणि झाकणाची वेगळी बादली ठेवणं हे मंडळाचं काम आहे.

आता आमच्या मागण्या. मंडळांकडून चार.

‘भांडी आणू नयेत’ ही ओळ काढून तिच्या जागी हे छापा: प्रत्येकाने एक ताट, एक वाटी, एक पेला, एक चमचा, एक लिटरची बाटली, एक पंचा आणि दोन कापडी पिशव्या आणाव्यात. सूचनापत्र गाडी निघण्याच्या किमान आठ दिवस आधी हातात पडू द्या. आदल्या रात्री मिळालेल्या पत्राने कुणी ताट शोधत नाही.

पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स घेऊ नका. तेच पैसे तोटीचे कॅन, तीन टब, जाळीच्या पिशव्या आणि झाकणाच्या बादल्या यांत एकदा घाला. हे सामान पुढची कित्येक वर्षं लागेल.

धुण्याच्या पाळ्या गाडीत बसतानाच वाचून दाखवा.

निघताना जागा तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. सुका कचरा पोत्यात घालून परत आणा आणि आपल्या नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या गाडीत द्या.

गाडीमालकांनो आणि चालकमामा, तुमच्याकडे मागणं लहान आहे. टपावर दोन पोती आणि कॅन बांधायला दोर व ताडपत्री, गाडीत मागे एक पोतं आणि एक बादली, आणि खिडकीतून काही फेकलं जात असेल तर गाडी थांबवण्याचा तुमचा अधिकार. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वाटेवर फेकलेली पिशवी माकडं फाडून खातात, आणि तुमचंच ऐकून लोक थांबतात, आमचं नाही.

यात्रास्थळांच्या आणि वाटेवरच्या पंचायतींच्या व्यवस्थापनांकडे मात्र आम्ही ठाम मागतो आहोत, कारण पाणी नसेल तर वरचं सगळं लिहिलेलं फुकट आहे. बाटलीसाठी आणि कॅनसाठी नळ वेगळे करा. कॅनच्या नळाखाली किमान दोन फूट मोकळी उंची ठेवा, नाहीतर कॅन खाली बसतच नाही आणि लोक पाइप जोडून नळ मोडतात. भांडी धुवायला उतार दिलेला कट्टा बांधा, त्याच्या गटाराच्या तोंडावर काढता येणारी जाळी ठेवा आणि जाळी रोज दोनदा साफ करणारा माणूस नेमा. जाळी तुंबली की कट्टा तासाभरात वापरण्याच्या लायकीचा राहत नाही. खरकट्याला, पानांना आणि सुक्या कचऱ्याला वेगळी पिंपं ठेवा. बायकांसाठी पाण्याची आणि दाराला कडी असलेली बंद जागा हवी. पिण्याच्या पाण्याची तपासणी झालेली तारीख नळाजवळ लावा. पाणी चांगलं आहे याची खात्री नसते म्हणूनच लोक बाटली विकत घेतात. यात्रेच्या दिवसांत वाटेवरच्या गावांतले शुद्ध पाण्याचे घटक पहाटे चारपासून रात्रीपर्यंत चालू ठेवा, आणि नाणी नसणाऱ्यांसाठी तिथे सुट्टे पैसे देणारा माणूस बसवा. ओटीचं सामान प्लॅस्टिकच्या पाकिटात विकायला जागा देऊ नका. चहावाल्यांना सांगा की ग्राहकाने स्वतःचा पेला पुढे केला तर तो नाकारायचा नाही.

आणि या सगळ्याच्या पाट्या कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्ही भाषांत लावा. बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागातून येणाऱ्या किती तरी भाविकांना मराठीच वाचता येतं. कुठे धुवायचं, कुठे टाकायचं हे ज्याला वाचताच येत नाही त्याच्याकडून ते पाळलं जाणार नाही. ही मागणी सोयीची आहे, एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

मंडळांनी आपलं नवं सूचनापत्र मार्गशीर्षाच्या पौर्णिमेआधी किमान आठ दिवस गावच्या फलकावर लावावं, ही विनंती. ज्या गाडीला तीन टबांची मांडणी शिकून घ्यायची असेल, त्या गाडीच्या माणसांना आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी येऊन दाखवू. त्याचे पैसे नकोत. व्यवस्थापनांनी नळ, कट्टा आणि पाट्यांचं काय करणार हे लेखी कळवावं. जमणार नसेल तर का जमणार नाही तेही लिहावं, म्हणजे त्यावर पुढे बोलता येईल.

आपले,
यात्रेच्या गाड्यांबरोबर स्वयंपाक आणि भांडी सांभाळणारे
बेळगाव व खानापूर तालुका